विमानाची रेघ आणि ब्रूअरचं अंगुस्तान

विमानामागे उमटलेली पांढरी रेघ एखाद्या दिवशी मिनिटभरात विरते, तर एखाद्या दिवशी तास-दोन तास टिकते आणि पसरत पसरत तिचा ढग होतो. विमानं तीच, उंची तीच, मग फरक कशाने पडतो, असं एका वाचकाने विचारलं आहे. दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न ब्रिटिश हवाई दलापुढे होता आणि तेव्हा तो जिवावरचा होता. खूप उंचीवर विमान सहजी नजरेस पडत नसे, पण रेघ मैलोन्‌मैल दिसे आणि शत्रूला वाट दाखवी.

आधी उत्तर. इंजिनाच्या धुरात पाण्याची वाफ असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ४० ते उणे ६० अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे ती वाफ क्षणात गोठते. पुढचं सगळं भोवतालच्या हवेवर अवलंबून. हवा कोरडी असेल तर बर्फाचे कण पुन्हा वाफ होऊन जातात. हवेत गरजेपेक्षा जास्त ओलावा भरलेला असेल, तर ते कण तोच ओलावा ओढून वाढत राहतात आणि रेघेचा सिरस, म्हणजे उंचावरचा विरळ बर्फाचा, ढग होतो. उंचावरच्या स्वच्छ हवेत बर्फ धरायला आधार देणारे कण कमी असतात, म्हणून असा जादा ओलावा ढग न होता तसाच साठून राहू शकतो. रेघेपासून झालेल्या ढगातलं बहुतेक पाणी त्यामुळे हवेचंच असतं. विमान केवळ निमित्त.

तेव्हा रेघ टिकेल की विरेल हे सांगायचं तर तिथला ओलावा मोजला पाहिजे, आणि खरी अडचण हीच होती. हे काम ॲलन ब्रूअर या तिशीच्या आतल्या हवामानशास्त्रज्ञाकडे आलं. ढगांची गोष्ट सांगताना १८०२ साली त्यांना नावं देणाऱ्या ल्यूक हॉवर्डचा उल्लेख हमखास होतो. ब्रूअरला मात्र ओझोनचे अभ्यासक सोडले तर फारसं कुणी ओळखत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

फ्रीजमधलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं की पेल्यावर बाहेरून दव धरतं. जूनमध्ये मुंबईत पेला जरासा गार असला तरी पुरतं. मे महिन्यात विदर्भात मात्र तो बराच जास्त गार असावा लागतो. म्हणजे पेला किती गार झाल्यावर दव धरलं हे कळलं, की हवेत पाणी किती आहे हे कळलं. ब्रूअर आणि ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉब्सन यांचं उपकरण याच तत्त्वावर चालत होतं. धातूचं एक अंगुस्तान गार करत न्यायचं, त्यावर बाहेरची हवा सोडायची आणि हिम केव्हा धरतं ते डोळ्यांनी पाहायचं. बॉम्बर विमानाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून, ब्रूअर दक्षिण इंग्लंडवर हे मोजत असे.

विमान स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या थरात, शिरलं की आकडे एकदम बदलत. भोवतालची हवा साधारण उणे ५५-६० अंशांवर असे, पण हिम धरायला अंगुस्तान उणे ८० अंशांच्या आसपास न्यावं लागे. इतकी कोरडी हवा आली कुठून? हवेतलं पाणी काढून टाकायचं तर तिला तितकं गार करायला हवं, आणि एवढी थंडी तर इंग्लंडवर त्या उंचीला नव्हतीच. ती आहे उष्ण कटिबंधात, आपल्याही डोक्यावर, सुमारे १६-१७ किलोमीटरवर. यावरून ब्रूअरने १९४९ साली निष्कर्ष मांडला की स्थितांबरातली हवा उष्ण कटिबंधातून वर चढते, त्या थंड थरात वाळते आणि मग ध्रुवांकडे सरकत खाली येते. ओझोन ध्रुवांकडे वाहून नेणारा हाच प्रवाह आज ब्रूअर-डॉब्सन अभिसरण म्हणून ओळखला जातो. विमान लपवण्याच्या खटाटोपातून पृथ्वीभरच्या हवेचा मार्ग सापडला!

ही हवा वाळते तीसुद्धा सिरस ढगांमधून. वर चढणाऱ्या हवेतलं पाणी बर्फ होतं, कण खाली झरतात, हवा कोरडी होऊन पुढे जाते. यातले पुष्कळ ढग इतके विरळ असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. २००६ साली सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाच्या लेसरने ते जगभर टिपले.

विरळ असले तरी सिरस ढग उष्णतेच्या हिशेबात मोठे आहेत. ते ऊन बरंचसं खाली येऊ देतात, पण जमिनीकडून वर जाणारी अवरक्त उष्णता शोषतात. स्वतः अतिथंड असल्यामुळे अवकाशात ते फार थोडी उष्णता सोडतात. रात्री तर ऊन अडवण्याचा प्रश्नच नसतो, फक्त उष्णता अडते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासानुसार विमानांच्या रेघांमुळे २०१८ साली चौरस मीटरमागे सुमारे ५७ मिलिवॉट उष्णता अडली, विमानांच्या कार्बन डायऑक्साइडमुळे सुमारे ३४. वृत्तपत्रांत हेच दोन आकडे फिरतात. पण पहिल्या आकड्याची शक्य कक्षा १७ ते ९८ आहे हे क्वचितच छापलं जातं.

मोठे दावे इथेच घसरतात. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत तीन दिवस प्रवासी विमानं बंद राहिली, तेव्हा दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक एक अंशाहून अधिक वाढला, असा निबंध 'नेचर'मध्ये आला आणि गाजला. पुढच्या अभ्यासांनी त्या दिवसांतलं निरभ्र हवामानच त्याला पुरेसं कारण असल्याचं दाखवलं. २००९ साली सिरस ढगांत बीजकण पेरून ते विरळ करावेत आणि पृथ्वी थंड करावी, अशी सूचना आली. थोडे बीजकण असले की मोजकेच पण मोठे स्फटिक होतील आणि लवकर खाली पडतील, हा तर्क. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेवरच्या आकाशातले बर्फाचे कण तपासले होते, तेव्हा बहुतेकांच्या पोटात खनिज धूळ आणि धातूंचे कण निघाले. निसर्गाने आधीच पेरलेल्या ढगात आणखी पेरलं तर ढग वाढून उलट तापमान चढू शकतं. मला ही सूचना आज तरी धोक्याची वाटते.

ओलं आकाश टाळून विमानं थोडी वरखाली नेण्याचा मार्ग जास्त पटतो. २०२३ साली गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांत तसं करून रेघा ५४ टक्क्यांनी कमी केल्या. मात्र ओलं आकाश कुठे आहे हे आधी कळायला हवं, आणि नेहमीच्या हवामान-फुग्यांवरची आर्द्रतामापकं त्या थंडीत कमी पडतात. ब्रूअरच्या तत्त्वावरचं आजचं उपकरण २०१६ च्या पावसाळ्यात नैनितालहून फुग्यांनी वर गेलं, पण ती ठरावीक मुदतीची मोहीम होती. अमेरिकेत बोल्डर इथे अशा नोंदी १९८० पासून सलग होत आहेत. स्थितांबरात जाणाऱ्या पाण्याची एक मोठी वाट आपल्या मोसमी ढगांतून जाते. आपलं हवामान खातं रोज फुगे सोडतंच. त्यातल्या दोन-चार ठिकाणी हे उपकरण कायमचं बसवायला हवं. ढगांत काही पेरण्याची भाषा त्या नोंदी हाती आल्यावर करावी.