पडद्यावर झळाळते, कागदावर विरते

सोसायटीचा पुनर्विकास ठरला की इमारतीचा नकाशा असलेल्या, कपाटातल्या जुन्या सीडीची आठवण होते. तिच्यावरची १९९०च्या दशकातली डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची, फाइल बहुधा विनातक्रार उघडते. काळ्या पडद्यावर पिवळ्या, हिरव्या, निळसर रेघा अशा झळाळतात की नकाशा कालच काढला असावा. प्रिंट हातात आली की मात्र विरस होतो. मापांच्या रेघा दिसतात-न-दिसतात, भिंत आणि फरशीचा सांधा एकाच जाडीचे, काही मजकूर तर गायबच. दुकानदार काट्रिज बदलतो, गिऱ्हाईक दुकान बदलते, पण प्रिंट फिकी ती फिकीच. कारण शाईचा यात सहसा दोष नसतो. त्या फाइलीतला रंग हा मुळात रंग नसतोच.

नकाशे काढायचे ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर डिसेंबर १९८२मध्ये बाजारात आले, तेव्हा नकाशा कागदावर उतरवायला पेन प्लॉटर असे. यंत्राच्या दांडीवर खरोखरीचे पेन सरकायचे आणि एकेक रेघ ओढली जायची. एचपीच्या ७४७५ए या गाजलेल्या प्लॉटरच्या चकतीत सहा पेन बसत. कोणती रेघ कुठल्या पेनने काढायची, हे यंत्राला कळायचे रेघेच्या रंगक्रमांकावरून : १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा. क्रमांक २ला ०.३५ मिलिमीटरचा काळा पेन लावला, की पडद्यावरची पिवळी रेघ कागदावर काळीभोर आणि मध्यम जाड यायची. ड्राफ्ट्समनसाठी पिवळा म्हणजे जाडीची खूण.

या जाड्यांनाही हिशेब होता. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ ही प्रमाणित मालिका पाहा. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. ए४चा ए३ करताना लांबी-रुंदी नेमकी तेवढीच वाढते. त्यामुळे मोठ्या केलेल्या नकाशावर पुढच्या क्रमांकाच्या पेनने दुरुस्ती केली, तरी जुनी आणि नवी रेघ वेगळी ओळखू येत नसे.

पुढे इंकजेट प्लॉटर आले आणि पेनची चकती गेली. १९९९मध्ये आलेल्या ऑटोकॅड २०००ने रेघेची जाडी हा स्वतंत्र गुणधर्म केला, आणि कोणता क्रमांक कसा छापायचा याचा तक्ता ‘सीटीबी’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवला. घोळ इथेच आहे. सीडीवर नकाशा असतो, तक्ता नसतो. तो राहिला ज्याने नकाशा काढला त्याच्या संगणकात. तक्ता मिळाला नाही, की प्रिंटर पडद्यावरचा पिवळा जसाच्या तसा पिवळा छापतो आणि सगळ्या रेघांना सरसकट ०.२५ मिलिमीटर जाडी देतो.

पिवळाच का मार खातो? डोळ्याला जाणवणारी उजळता रंगागणिक वेगळी असते. पांढऱ्याची १०० धरली, तर पडद्यावरच्या शुद्ध पिवळ्याची ९३ भरते, निळ्याची जेमतेम ७. काळ्यावर पिवळा म्हणजे अंधारात पेटवलेली टॉर्च. पांढऱ्यावर मात्र त्याचा आणि कागदाचा फरक जवळपास शून्य. निळ्याची गत नेमकी उलटी. काळ्या पडद्यावर तो डोळे ताणून शोधावा लागतो, कागदावर उठून दिसतो.

राखाडी रेघांचे दुखणे वेगळे. प्रिंटरकडे राखाडी शाई नसेल, तर तो काळे ठिपके विरळ टाकून राखाडीचा भास निर्माण करतो. इंचाला ६०० ठिपके असतील, तर ०.१३ मिलिमीटरच्या रेघेच्या रुंदीत जेमतेम तीन ठिपके मावतात. त्यातलेही काही गाळले, की रेघ तुटते. पिवळ्यावर उपाय म्हणून अनेक जण ‘ग्रेस्केल’ निवडतात. त्याने फिका पिवळा जाऊन फिका, तुटका राखाडी येतो.

म्हणून काट्रिजला हात लावण्यापूर्वी दोष यंत्राचा की फाइलीचा, ते पाहावे. संपूर्ण शीटवर ठरावीक अंतराने पांढरे पट्टे असतील, तर नोझल तुंबली आहे. पण शीटवर सगळीकडे ठरावीक रंगच फिके असतील, तर तक्त्याकडे वळावे. ऑटोकॅडसोबत येणारी ‘मोनोक्रोम’ सीटीबी लावून एक प्रिंट काढली, की बहुतेक रेघा काळ्या होतात. मग जाड्या ठरवायच्या. भिंती कोणत्या क्रमांकात आहेत, मापे कोणत्या, हे पाहून ०.५, ०.२५, ०.१८ वाटून द्यायचे. जुन्या कचेरीतली एखादी पेन प्लॉटरवरची शीट हाती लागली, तर तिच्यासारखा पुरावा नाही.

तरीही काही रेघा हटून बसतात. क्रमांक ७ पडद्यावर पांढरा दिसतो आणि कागदावर काळा येतो. क्रमांक २५५ मात्र खरोखरच पांढरा, तेव्हा रंगीत छपाईत तो मजकूर अदृश्य होतो. शिवाय नंतर कुणी क्रमांकाऐवजी थेट ‘ट्रू कलर’ वापरून फेरफार केले असतील, तर त्या रेघांवर सीटीबीचा अंमल चालत नाही. त्यांना आधी क्रमांकाचा रंग द्यावा लागतो.

खरा पेच मंजुरीच्या नकाशात आहे. तिथे रंगाला पुन्हा अर्थ असतो : पाडायचे काम पिवळ्या तिरक्या रेघांनी, प्रस्तावित काम लाल. ‘मोनोक्रोम’ने हा फरक पुसला, की पाडायची भिंत आणि बांधायची भिंत एकाच काळ्या रंगात येतात. जुन्या फाइलीत तर मापेही पिवळी आणि पाडायचा भागही पिवळा, दोन्ही क्रमांक २. तक्ता त्यांच्यात भेद करू शकत नाही. अशा वेळी पाडायच्या भागाला क्रमांक ५० द्यावा आणि प्रस्तावित कामाला १०. पडद्यावर ५० हा हुबेहूब २सारखाच पिवळा आहे आणि १० हा १सारखाच लाल. पण सीटीबीच्या लेखी ते वेगळे क्रमांक आहेत. तक्त्यात २ काळा करावा, १० लाल ठेवावा, आणि ५०ला फिक्या पिवळ्याऐवजी जरा गडद पिवळी छटा द्यावी.