कलम ५५ आणि कोकणातले शिपाई

पोफळीच्या आसपासचा मुलूख, म्हणजे चिपळूण, खेड, दापोली, हा मुंबई फौजेच्या भरतीचा जुना पट्टा. दापोलीत पेन्शनर शिपायांची वस्ती होती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. या माणसांना परमुलखातल्या लढाईला धाडायचं तर परवानगी कोणाची लागे?

हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे नेणाऱ्या १८५८च्या कायद्यात कलम ५५ होतं. हिंदुस्थानवर स्वारी झाली किंवा तसाच तातडीचा प्रसंग आला तर गोष्ट वेगळी. एरवी सरहद्दीपलीकडच्या मोहिमेचा खर्च ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय हिंदी तिजोरीवर टाकता येत नसे. ऐकायला भक्कम, पण संमती लंडनची आणि पैसा इथल्या रयतेचा. १८६७ साली नेपियरची फौज मुंबईहून ॲबिसिनियाला निघाली, तेव्हा शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने भरावा याला पार्लमेंटने मान्यता दिली. १८९६ मध्ये सुदानातल्या सुआकिनच्या वेळीही तेच झालं.

या दुखण्यावर बोट ठेवलं ते शेजारच्या गुहागर तालुक्यात, कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १८९७ साली लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांचं वय एकतीसही नव्हतं. स्वारीचा धोका सोडला, तर सरहद्दीबाहेरच्या लढायांसाठी हिंदी महसूल वापरायचा नाही. वापरायचाच तर इंग्लंडनेही खर्चाचा वाटा उचलावा, आणि हे कायद्यानेच पक्कं करावं, अशी त्यांची मागणी होती. एवढी थेट मागणी राज्यकर्त्यांच्या तोंडावर मांडायला छाती लागते.

ती मान्य झाली नाही. १९१४ला पार्लमेंटने पुन्हा संमती दिली आणि पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली. डिसेंबर १९१५पासून तिथल्या कूट गावात तिला तुर्कांचा वेढा पडला. आत ११०वी आणि ११७वी या मराठा पलटणीही होत्या. भाकरीचं पीठ दिवसेंदिवस कमी होत गेलं, घोडे कापले जाऊ लागले आणि धर्माच्या धाकाने अनेक हिंदी शिपाई ते मांस खाईनात. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जण शरण गेले. घरच्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं.

१९३९ साली मध्यवर्ती कायदेमंडळाला न विचारता हिंदी फौज इजिप्त, सिंगापूरला गेली. वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेसने कायदेमंडळातल्या आपल्या सदस्यांना पुढच्या अधिवेशनापासून दूर राहायला सांगितलं. मग देशाला न विचारता युद्ध पुकारलं गेलं आणि रत्नागिरीत जन्मलेल्या बाळासाहेब खेरांच्या मुंबई प्रांतातल्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला.

फौज परदेशी धाडण्याआधी लोकप्रतिनिधींना विचारायची अट स्वराज्यातही आली नाही. १९८७ला श्रीलंकेत फौज धाडताना संसदेची आगाऊ मंजुरी लागली नाही. तिथे सुमारे १,२०० जवान मारले गेले. त्यात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते, परमवीरचक्राचे मानकरी. २००३च्या एप्रिलमध्ये मात्र मनोहर जोशी अध्यक्ष असलेल्या लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याची एकमताने निंदा केली, आणि अमेरिकेला हवी असलेली फौज १४ जुलैला सरकारने नाकारली. कूट त्याच इराकमध्ये आहे. तरी तो ठराव होता, कायदा नव्हे. संसदेला विचारल्याशिवाय फौज परदेशी धाडू नये, असं बंधन घालणारं विधेयक आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी मांडावं.