वणव्यात काळी जमीनच बरी

मार्च लागला की उमरेड, कुही, भिवापूरच्या जंगलात सागाच्या वाळल्या पानांचा करकरीत थर साचलेला असतो. त्याच सुमारास मोह टपकायला लागतो, मागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वन विभागाच्या हिशेबात आगीचा काळ. 2012 साली घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटक जिप्सीत बसलेला असतो. तिथे गाइड सांगेल तसं वागावं, विषय संपला. पण अभयारण्याबाहेरच्या जंगलात, टेकड्यांवर पायी फिरणाऱ्यांचा निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो, आणि त्या वेळी ऐकीव समजुती घात करतात.

पहिली समजूत म्हणजे वणवा बांबूवर बांबू घासून लागतो. आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. जाळल्यावर तेंदूला चांगली पालवी फुटते, असं मानणारेही आहेत. शिवाय विडीचं थोटूक आहेच. पायी फिरणाऱ्याला याचा अर्थ असा की आग बहुधा पायवाटेच्या, शिवाराच्या बाजूने सुरू होते. म्हणजे ज्या वाटेने आलात, तीच बंद झालेली असू शकते. 'आल्या वाटेने परत' हा बेत धूर कुठून येतोय ते पाहिल्यावरच करावा.

दुसरी समजूत जास्त घातक आहे: आगीकडे पाठ करायची आणि पळत सुटायचं. वणव्याला तोंड असतं, दोन बाजू असतात आणि शेपूट असते. तोंड वाऱ्याच्या दिशेने धावतं. पाठ करून पळणारा माणूस बरेचदा त्याच दिशेने, त्याच्याच पुढे पळत असतो. वारा आडवा कापत बाजूला सरकलं तर आगीची कड लागते, आणि तिथे ज्वाळा बुटक्या असतात. चढ असेल तर हिशेब आणखी बिघडतो. उताराचा कोन साधारण 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुपटीच्या आसपास जातो, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. माणसाचा वेग मात्र चढावर निम्मा होतो. म्हणून टेकडीच्या माथ्यावर जाऊन 'सुरक्षित जागा' शोधणं हा उलटा न्याय आहे. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी ट्रेकर्सचे गट वाळलेल्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडले. मृतांचा आकडा 20च्या पुढे गेला.

नाल्याचं काय? वाळूचं रुंद, उघडं पात्र असेल तर उत्तम आसरा. पण उतारावरून येणारी अरुंद, झुडपांनी भरलेली कोरडी घळ धुराड्यासारखी आग वर ओढते. दोन्हींना आपण नालाच म्हणतो, म्हणून सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. घाबरलेला माणूस हिरव्याकडे धावतो आणि काळ्या, धुमसत्या जमिनीला बिचकतो. खरं तर जिथलं जळायचं ते जळून गेलंय, तिथे आग परत कशावर येणार? आगीच्या कडेला ज्वाळा गुडघ्याखाली असतील, पलीकडची जळालेली जमीन स्पष्ट दिसत असेल, तर तिथून झपाट्याने ओलांडून काळ्यात शिरणं हा अनेकदा सर्वांत बरा पर्याय असतो. ज्वाळा उंच असतील किंवा पलीकडचं दिसत नसेल तर नाही. आत गेल्यावर पेटलेल्या उभ्या खोडांपासून लांब राहावं, बुंध्याजवळच्या राखेत पाय घालू नये. खाली मुळं धुमसत असतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या यार्नेल इथे 30 जून 2013 रोजी आग विझवणारे 19 जवान गेले. ते जळालेल्या जमिनीवर सुरक्षित होते. तिथून निघून न जळालेल्या झुडपांतून जाताना वारा फिरला आणि आगीने त्यांना गाठलं.

'आगीला आगीने अडवा' हा सल्ला मात्र ऐकू नये. 1949 साली मोंटाना राज्यातल्या मान गल्चमध्ये वणव्यात सापडलेल्या आग विझवणाऱ्या तुकडीच्या वॅग डॉज या प्रमुखाने समोरचं गवत स्वतः पेटवलं, त्याच्या राखेत पालथा पडला आणि वाचला. पण तो या कामात मुरलेला होता, आणि तरी त्याचे साथीदार त्या राखेत आले नाहीत. 13 जण मेले. आपल्याकडे राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, 1927नुसार गुन्हा आहे, ते वेगळंच.

तोंडाला ओला रुमाल बांधला की धुराची भीती नाही, असंही म्हणतात. रुमाल राखेचे कण थोडेफार अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. आणि आगीच्या अगदी जवळ ओल्या कापडाची वाफ होऊन चटका बसू शकतो. त्यापेक्षा कोरडा सुती कपडा बरा. नायलॉनचं विंडचीटर काढून टाका, ते वितळून कातडीला चिकटतं. झाडावर चढू नका. धूर आणि उष्णता वरच जातात, आणि त्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर धुराने बिथरलेल्या माश्या वेगळा हिशेब चुकता करतात. कुठेच वाट उरली नाही तर उघड्या मातीवर, पाय आगीकडे करून पालथं पडावं.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे आग संपली, हेही खरं नाही. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात आग आटोक्यात येत असतानाच वाऱ्याने पुन्हा भडकली आणि ती विझवणाऱ्या तीन हंगामी वनमजुरांचा जीव गेला. ते रोज जंगलात वावरणारे लोक होते. हौशी माणसाने झाडाची फांदी घेऊन आग झोडपायला जाऊ नये.

फोन मात्र लगेच करावा, धूर दिसताक्षणी: वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन किंवा 112. 'जंगलात आग लागलीय' एवढ्याने कुणालाच काही कळत नाही. जवळचं गाव सांगा, झाडावर किंवा पाटीवर रंगवलेला कक्ष क्रमांक दिसला तर तो सांगा, धूर कोणत्या दिशेला झुकतोय ते सांगा, आणि सोबत किती जण आहेत तेही. रेंज एकाच टेकाडावर मिळत असेल आणि आग खालून येत असेल, तर आधी बाजूला निघा, फोन नंतर.