जुनी पेलेट शेगडी: दुरुस्ती, जळण आणि जागा
(पळस्पे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तुमच्यापैकी काही जणांच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असेल. पेलेटवर चालणारी जुनी शेगडी. ती घ्यावी का, दुरुस्त कशी करायची आणि घरात कुठे ठेवायची, एवढंच आज बघू.

आधी एक खुलासा. परदेशात पेलेट स्टोव्ह म्हणजे खोली गरम करणारं यंत्र. १९८०च्या दशकात ते अमेरिकेच्या वायव्य भागात घराघरांत शिरलं. पळस्प्याला खोली तापवायची गरज कुणाला आहे? आपल्याकडची पेलेट शेगडी स्वयंपाकाची. त्यात सर्वांत गाजली ती ‘ऊर्जा’. तिचं तंत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं. बीपी या तेल कंपनीनं ती बाजारात आणली, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं व्यवसाय चालवला. सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या.

मग त्या माळ्यावर का गेल्या? शेगडी वाईट नव्हती, जळण महागलं. उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं हा माल बॉयलरवाल्या कारखान्यांनाही हवा असतो. पेलेटचा भाव चढला, घरातल्या बाईला तो परवडेना, आणि कंपनी हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. म्हणून शेगडीची किंमत नंतर विचारा. पेलेट कुठून मिळणार, कितीला मिळणार आणि जुलैमध्येही मिळणार का, हे आधी विचारा.

त्यासाठी एक हिशेब सांगतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. एका किलोत साधारण ११,००० किलोकॅलरी. त्यातली ६० टक्के उष्णता भांड्याला लागते असं धरू, म्हणजे सिलिंडरमागे सुमारे ९४,००० किलोकॅलरी कामाला आल्या. चांगल्या पेलेटच्या किलोत ३,८०० धरा, शेगडीची कार्यक्षमता ४० टक्के धरा, म्हणजे किलोमागे साधारण १,५००. भागाकार केला की ६० ते ६५ किलो पेलेट बरोबर एक सिलिंडर. पेलेटचा किलोचा भाव गुणिले ६०, आणि तो आकडा सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. पडता खात नसेल तर शेगडी फुकट मिळाली तरी महाग.

आता ती चालते कशी ते बघा, म्हणजे दुरुस्ती आपोआप कळेल. चुलीत आपण खालून पेटवतो, हिच्यात वरून. वरच्या थराच्या आचेनं खालचे पेलेट तापतात आणि त्यांतून वायू सुटतो. खालच्या जाळीतून थोडी हवा येते, ती हा वायू तयार होण्यापुरती. तोंडाजवळच्या भोकांतून दुसरी हवा येते, तिच्यात तो वायू जळतो. दोन्ही हवा एकच छोटा पंखा पुरवतो. म्हणजे बिघाडाच्या जागा चारच: पंखा, भोकं, जाळी आणि आतलं अस्तर.

पंखा आधी बघा. बॅटरी बहुधा मेलेलीच असते. तिच्यावर लिहिलेला व्होल्टेज वाचून तेवढ्याच व्होल्टेजची नवी घाला, अंदाजे नको. पंखा फिरला की पेटती उदबत्ती सांध्यांभोवती फिरवा. धूर जिथे उडतो तिथे हवा गळते. वरची भोकं काजळीनं बुजतात, ती दाभणानं एकेक मोकळी करा, पण मोठी करू नका. भोकं मोठी झाली की हवेचं प्रमाण बिघडतं आणि धूर सुरू होतो. जाळीवरचे राखेचे खडे तारेच्या ब्रशनं काढा.

अस्तराला केसाएवढी चीर असेल तर चालेल. तुकडाच निघाला असेल तर फायरक्लेनं भरा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, मग पहिला जाळ अगदी छोटा करा. साधं सिमेंट लावू नका. एवढ्या आचेत ते भुसभुशीत होऊन गळतं.

जळणाचं आपल्या भागापुरतं सांगतो. हायवेला गोदामं आहेत, लाकडी पॅलेट फुकट मिळतात. पॅलेट वेगळं, पेलेट वेगळं! ते लाकूड फोडून जाळायचा मोह होतो. त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नकोच. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको. आणि पेलेट पावसाळ्यात उघड्या पोत्यात राहिले की फुगून त्यांचा भुगा होतो. झाकणाचं पिंप वापरा.

आता जागा. शेगडी सपाट, न हलणाऱ्या ओट्यावर, उघडणाऱ्या खिडकीजवळ ठेवा. पडदा, गॅसची नळी आणि सिलिंडर लांब. ज्योत निळसर झाली, धूर दिसत नाही, म्हणून खिडकी लावून घेऊ नका. शेवटी जे निखारे उरतात, त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड जास्त सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. डिसेंबरात थंडी वाजते म्हणून निखारे असलेली शेगडी झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नका. आजचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पेटवताना वर चिमूटभर रॉकेल किंवा तुपाची वात पुरते. पेट्रोल, स्पिरिट अजिबात नाही. आणि मध्येच भर घालू नका. तापलेल्या निखाऱ्यांवर नवे पेलेट पडले की घरभर धूर होतो. एका भरण्यात जेवढा स्वयंपाक होतो तेवढाच आखा.

प्रश्न: भातगिरणीतलं तूस तसंच टाकलं तर?

उत्तर: चांगला प्रश्न, कारण आपल्याकडे तूस भरपूर. पण सुटं तूस हलकं असतं, पंख्यानं उडतं. शिवाय त्यात साधारण पाचवा हिस्सा राख, आणि ती बहुतेक सगळी सिलिका. तिचे खडे होऊन जाळी बुजते. तुसाचे पेलेट मिळाले तर वापरा, पण प्रत्येक जाळानंतर जाळी साफ करायची तयारी ठेवा. लाकडाच्या भुशाच्या पेलेटला राख फार कमी, एक-दोन टक्के. दोन्ही एक-एक किलो आणा, घरी जाळून बघा, राख तोला, आणि मग पोतं घ्या.