लीव्हस्डनच्या भिंती आणि स्वमग्न लेखकांच्या भयकथा

भयकथेत वाचकाने कोणाला घाबरायचे, हे लेखक ठरवतो. इंग्रजी भयकथेने गेल्या दोन शतकांत ही भीती पुष्कळदा विचित्र वागणाऱ्या माणसावर सोपवली. तो एकच शब्द घोळवतो, अंग झुलवत बसतो, नजरेला नजर देत नाही, आवाजाने बिथरतो. यांतल्या बऱ्याच खुणा आज स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, म्हणून ओळखल्या जातात. अलीकडच्या काळात काही स्वमग्न लेखकांनी हीच भयकथा त्या माणसाच्या बाजूने लिहायला घेतली आहे. कॅनडातील लेखक एडा हॉफमन हे त्यांतले ठळक नाव. एकीकडे भय आणि विज्ञानकथा, दुसरीकडे स्वमग्न समाजाच्या प्रश्नांवरचे समीक्षालेखन, असा त्यांच्या लेखनाचा दुहेरी विस्तार आहे. हे दोन विषय एकमेकांना का चिकटलेले आहेत, हे लंडनच्या वायव्येला असलेल्या वॉटफर्ड शहराच्या परिसरात चांगले दिसते.

वॉटफर्डशेजारचे इस्पितळ

वॉटफर्डच्या उत्तरेला ॲबट्स लँगली या गावाजवळ १८७० मध्ये लीव्हस्डन असायलम सुरू झाले. लंडनमधील गरिबांच्या आरोग्यासाठी १८६७ मध्ये कायदा झाला आणि त्यातून मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड हे मंडळ स्थापन झाले. या मंडळाने लंडनबाहेर दोन मोठी इस्पितळे एकाच नकाशावर बांधली. एक दक्षिणेला कॅटरहॅम येथे आणि दुसरे लीव्हस्डनला. प्रत्येकात सुमारे दीड हजार माणसांची सोय होती. लीव्हस्डनमधील संख्या पुढे दोन हजारांवर गेली.

येथे कोणाला पाठवायचे, हेही ठरलेले होते. बरे होण्याची आशा असलेले रुग्ण आणि हिंसक रुग्ण यांच्यासाठी ही इस्पितळे नव्हती. लंडनच्या वर्कहाउसमधील, म्हणजे निराधारांच्या सरकारी कामघरांतील, ‘निरुपद्रवी’ आणि ‘जडबुद्धी’ ठरवलेल्या माणसांना येथे आणले जाई. त्यात अपस्माराचे रुग्ण होते, वृद्ध होते, बोलू न शकणारे होते. अनेकांनी उरलेले सगळे आयुष्य येथेच काढले. १९४८ मध्ये हे इस्पितळ राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेले आणि १९९५ मध्ये बंद झाले. त्याच्या आवाराचा काही भाग आता सार्वजनिक उद्यान आहे.

या हजारो माणसांपैकी जगाला माहीत असलेले नाव मात्र एकच आहे, ॲरन कोस्मिन्स्की. पोलंडहून आलेला हा ज्यू न्हावी १८९१ मध्ये कोल्नी हॅच येथील इस्पितळात दाखल झाला. १८९४ मध्ये त्याला लीव्हस्डनला हलवण्यात आले आणि १९१९ मध्ये तो तेथेच मरण पावला. १८८८ मधील व्हाइटचॅपलच्या खुनांसाठी, म्हणजे ‘जॅक द रिपर’ म्हणून, पोलिसांनी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांत कोस्मिन्स्की हे आडनाव होते. त्याच्यावर कधी खटला चालला नाही आणि गुन्हा सिद्ध झाला नाही. अलीकडे डीएनएच्या आधारे केलेले दावेही वादग्रस्त ठरले. तरीही निरुपद्रवी माणसांसाठी बांधलेल्या या इस्पितळाची ओळख लोकांच्या मनात एका खुन्याच्या दंतकथेशी जोडली गेली.

भयकथेतला वेडा

ही जोडणी साहित्याने आधीच तयार ठेवली होती. एडगर ॲलन पो यांच्या १८४५ मधील एका कथेत वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण रखवालदारांना कोंडून स्वतःच कारभारी होतात. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’त रेनफिल्ड हा रुग्ण माश्या आणि कोळी खातो आणि सैतानी पाहुण्याच्या येण्याची चाहूल त्याला आधी लागते. एच. पी. लव्हक्राफ्ट यांचे वडील आणि पुढे आईही मनोरुग्णालयात असतानाच वारले. त्यांच्या कथांतही विश्वाचे खरे रूप पाहणाऱ्याची बुद्धी शेवटी ढळते. रुग्णाच्या बाजूने लिहिलेल्या कथा विरळाच. शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२ मधील ‘द यलो वॉलपेपर’ ही त्यांतली महत्त्वाची. तिच्यातले भय बाईच्या आजारापेक्षा तिला सक्तीची विश्रांती देणाऱ्या डॉक्टर नवऱ्यातून जास्त येते.

वॉटफर्डच्या परिसरात या भयाचा व्यवसायही झाला. जवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’चे चित्रीकरण झाले. लीव्हस्डनच्या जुन्या विमान कारखान्यात उभ्या राहिलेल्या स्टुडिओत टिम बर्टन यांच्या ‘स्लीपी हॉलो’चे चित्रण झाले, पुढे हॅरी पॉटरच्या चित्रपटांनी ती जागा जगप्रसिद्ध केली.

निदानाआधीची माणसे

लीव्हस्डन सुरू झाले तेव्हा स्वमग्नता हे निदान अस्तित्वात नव्हते. रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ च्या सुमारास अशा मुलांचे वर्णन केले होते, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी आपले निष्कर्ष मांडले. ब्रिटनमध्ये पालकांनी १९६२ मध्ये संस्था काढली. आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी ती हीच. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. लॉर्ना विंग यांची मुलगी स्वमग्न होती. विंग आणि ज्युडिथ गोल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागात केलेल्या पाहणीने १९७९ मध्ये स्वमग्नतेची व्याख्या बरीच रुंद केली. संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि कल्पनाशक्ती या तीन क्षेत्रांतल्या अडचणी त्यांनी एकत्र पाहिल्या.

विंग यांनी सहकाऱ्यांसह डॅरेन्थ पार्क या इस्पितळातील प्रौढांचीही पाहणी केली. लीव्हस्डन बांधणाऱ्या मंडळानेच डॅरेन्थही उभारले होते. तेथे वर्षानुवर्षे ‘मतिमंद’ म्हणून नोंदलेल्या कितीतरी रहिवाशांत स्वमग्नतेच्या वर्णनाशी जुळणारी वैशिष्ट्ये आढळली. लीव्हस्डनच्या जुन्या रुग्णांचे आज निदान करता येणार नाही, पण त्यांच्यातही अशी माणसे होती, हे मानायला डॅरेन्थची पाहणी चांगला आधार देते.

बदललेले मूल, पळवलेले मूल

इस्पितळांच्याही आधी युरोपच्या लोककथांत ‘चेंजलिंग’ होते. चांगले खेळणारे मूल एके दिवशी बोलेनासे होते, अखंड रडते, अनोळख्यासारखे वागते. मग लोक म्हणत, पऱ्यांनी खरे मूल पळवले आणि जागी आपले ठेवले. खरे मूल परत मिळावे म्हणून त्या बालकाला आगीजवळ धरणे, रात्रभर बाहेर ठेवणे असे क्रूर उपाय केले जात. अपंगत्व असलेल्या मुलांचे वर्णन या कथांत दडले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते आणि स्वमग्नतेशी तर त्यांचे साम्य स्पष्ट आहे. महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. वेगळे वागणाऱ्या मुलाला ‘बाहेरची बाधा’ झाली असे मानून मांत्रिकाकडे नेण्याची वाट येथेही मळलेली होती. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले.

विसाव्या शतकात वैद्यकाची भाषा आली, तरी कथेचा सांगाडा तोच राहिला. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मधील पुस्तकात मुलाच्या मिटलेपणाचा दोष आईच्या थंडपणावर टाकला. संशोधनाने ही कल्पना पुढे मोडीत काढली. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठ केंद्राने जाहिरातमोहीम काढली. तिच्यात आजार पालकांना खंडणीची चिठ्ठी लिहितात, की तुमचे मूल आमच्या ताब्यात आहे. स्वमग्न कार्यकर्त्यांच्या विरोधामुळे ती लवकरच मागे घ्यावी लागली. २००९ मध्ये ऑटिझम स्पीक्स या अमेरिकी संस्थेने एक ध्वनिचित्रफीत काढली. तिच्यात ऑटिझम स्वतःच भयपटातील खलनायकाच्या आवाजात कुटुंबांना धमकावतो. तिलाही तीव्र विरोध झाला. मदत गोळा करण्यासाठी भयकथेची तंत्रे वापरली की ज्याच्यासाठी मदत मागायची तोच भीतीचा विषय होतो, असा आक्षेप होता.

याला वैचारिक उत्तर आधीच दिले गेले होते. स्वमग्न कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना उद्देशून केलेले भाषण पुढे निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. स्वमग्नतेच्या मागे कोणी दुसरे, ‘साधारण’ मूल लपलेले नसते, हे त्याचे सार. पालकांचा शोक अपेक्षेतल्या मुलासाठी असतो. समोरचे मूल हरवलेले नसते, त्याला आधार हवा असतो. १९९० च्या दशकाअखेरीस ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संज्ञा रुळू लागली आणि या विचाराला चळवळीचे रूप आले.

हॉफमन यांचे दुहेरी लेखन

एडा हॉफमन यांचे लेखन याच चळवळीच्या वातावरणातून पुढे आले. त्यांनी ‘ऑटिस्टिक बुक पार्टी’ नावाची परीक्षणांची दीर्घ मालिका लिहिली. अद्भुत, भय आणि विज्ञानकथांतील स्वमग्न पात्रे कशी रंगवली आहेत आणि स्वमग्न लेखक काय लिहीत आहेत, हे त्यांनी पुस्तकामागून पुस्तक तपासले. पात्राला स्वतःची इच्छा आहे का, की ते दुसऱ्यांच्या दुःखाचे निमित्त आहे? त्याचे वेगळेपण कथेत फक्त भीती किंवा कीव उत्पन्न करायला वापरले आहे का? स्वमग्न वाचक आता असे प्रश्न विचारतात. २०१७ मध्ये हॉफमन यांचा ‘मॉन्स्टर्स इन माय माइंड’ हा कथा-कवितांचा संग्रह निघाला आणि २०१९ मध्ये ‘द आउटसाइड’ ही कादंबरी.

या कादंबरीचे जग दूरच्या भविष्यातले आहे. मानवावर कृत्रिम बुद्धीचे देव राज्य करतात आणि माणसे मेल्यावर त्यांचे आत्मे गोळा करतात. यासिरा शिएन ही स्वमग्न शास्त्रज्ञ एका अवकाशस्थानकासाठी नव्या पद्धतीची ऊर्जाभट्टी बनवते. भट्टी सुरू होताच वास्तवाचे नियमच वाकतात आणि स्थानक उद्ध्वस्त होते. देवांचे दूत तिला पकडून तिच्याच बेपत्ता गुरूच्या, डॉ. टलिर यांच्या, मागावर पाठवतात. नियमांपलीकडल्या अनाकलनीय सत्तेला येथे ‘आउटसाइड’ म्हटले आहे आणि तिच्याशी संबंध ठेवणे पाखंड मानले जाते.

हा साचा लव्हक्राफ्टचा आहे, पण हॉफमन यांनी त्याची मुख्य खीळ काढून घेतली. लव्हक्राफ्टच्या कथेत नीटनेटक्या, ‘सामान्य’ बुद्धीला विश्वाची अफाटता सहन होत नाही. यासिराला मात्र अतिरेकी आवाज, उजेड आणि न कळणारे सामाजिक नियम रोजचेच आहेत. जग आपल्यासाठी बनवलेले नाही, हा अनुभव तिला नवा नाही. म्हणून कादंबरीतला गाभ्याचा प्रश्न सत्तेचा होतो. सुव्यवस्थेच्या नावाने माणसे मोडणारे देव अधिक भयानक, की ज्याला सगळे विकृत म्हणतात ते बाहेरचे? पुढच्या भागांत, म्हणजे २०२१ च्या ‘द फॉलन’ आणि २०२३ च्या ‘द इन्फिनिट’मध्ये, या बदललेल्या जगातही माणसे एकमेकांच्या मदतीने जगणे उभे करतात.

पुन्हा इस्पितळाकडे

अमेरिकी स्वमग्न लेखक अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांची २०२३ मधील ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’ थेट लीव्हस्डनच्या काळात जाते. १८८३ चे कल्पित इंग्लंड, भुतांशी बोलू शकणारी जांभळ्या डोळ्यांची माणसे आणि अशा मुलींना ‘सुधारून’ लग्नाला तयार करणारी एक आरोग्यशाळा. सायलस हा सोळा वर्षांचा स्वमग्न नायक शल्यचिकित्सक होऊ पाहतो. घरच्यांनी त्याला मुलगी मानले आहे. हात हलवणे, नजर टाळणे या सवयी शिक्षकांनी त्याच्याकडून बळजबरीने मोडून घेतल्या आहेत. कथेतली भुते मदत मागतात. रक्ताने माखलेले हात शाळेच्या व्यवस्थापनाचे आहेत. स्वमग्न मुलांना ‘सामान्य’ दिसायला लावणाऱ्या उपचारपद्धतींवरचा आजचा वाद व्हिक्टोरियन वेषात येथे भेटतो.

या लेखनालाही मर्यादा आहेत. त्यातले नायक बहुधा बुद्धिमान असतात, सफाईने विचार मांडू शकतात. बोलू न शकणाऱ्या, चोवीस तास आधार लागणाऱ्या स्वमग्न माणसांचा अनुभव त्यात क्वचितच येतो, आणि लीव्हस्डनमध्ये अशा माणसांचाच भरणा अधिक असणार. भयकथेचा भडकपणाही कधी कधी मुद्द्याला गिळतो.

तरीही या कथांमधले भय इतिहासजमा झालेले नाही. मोठी इस्पितळे बंद झाली. १९६९ मध्ये कार्डिफच्या ईली इस्पितळातील छळाचा अहवाल आला आणि त्यानंतरच्या धोरणबदलांचा ती बंद होण्यात वाटा होता. पण २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रणाने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयातील मारहाण उघड केली. तेथे स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेले रुग्ण होते. इंग्लंडमध्ये २००९ पासून स्वमग्न प्रौढांसाठी खास कायदा आहे, तरी दोन हजारांच्या आसपास स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती अलीकडच्या वर्षांतही मानसिक रुग्णालयांत होत्या. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली. निवासी संस्थांमधली देखरेख हा प्रश्न येथेही आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यामुळे मराठीत भय आणि गूढकथेला मोठा वाचकवर्ग मिळाला. स्वमग्न माणसाच्या नजरेतून लिहिलेल्या भयकथेला त्या वाचकवर्गात जागा आहे.