‘आपलं इंग्रजी कच्चं आहे’ आणि इतर सबबी

कापसाच्या भावाचा आलेख पायथनमध्ये काढून बघा, असं यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या कॉलेजातल्या पोरांना म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. “सर, आमची मराठी शाळा जी. आमाले कोडिंग नाही जमत.” हेच पोरगं घरची मोटार ‘ट्रिप’ झाली की ‘फेज’ तपासतं, ‘कंडेन्सर’ बदलतं. यातल्या एकाही शब्दाचं स्पेलिंग त्याला कधी कुणी विचारलेलं नाही आणि त्याचं काही अडलेलंही नाही. मग कॉम्प्युटरसमोरच इंग्रजी आडवं का येतं? क्लासवाले, मोठे भाऊ, शिकलेले पाहुणे, सगळ्यांनी मिळून तसं सांगून ठेवलंय म्हणून. आधी स्पोकन इंग्लिश, मग कोडिंग. दोन क्लासची फी.

आता हिशेब करू. पायथनमध्ये राखीव शब्द, म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेनंच ठरवून ठेवलाय असे शब्द, एकूण ३५ आहेत. साध्या स्तंभालेखाला त्यातले दोन लागतात, ‘इम्पोर्ट’ आणि ‘ॲज’. पहिल्या ओळीत मॅटप्लॉटलिब या संग्रहातला पायप्लॉट हा भाग मागवायचा आणि त्याला पीएलटी असं आखूड नाव द्यायचं. दुसऱ्या ओळीत वर्षांची यादी, तिसरीत भावांची. चौथीत ‘पीएलटी डॉट बार’ लिहून कंसात दोन्ही याद्यांची नावं, पाचवीत ‘पीएलटी डॉट शो’. झाला आलेख. यात व्याकरण कुठे आहे? काळ नाही, आर्टिकल नाही, उच्चार तर नाहीच नाही.

त्या याद्यांना नावं कुठल्या लिपीत द्यायची हेही आपल्याच हातात आहे. ‘भाव’ आणि ‘वर्षे’ अशी देवनागरीत दिली तरी पायथन मुकाट्यानं चालतो. विश्वास बसत नसेल तर पायथनचा सुधारणा प्रस्ताव क्रमांक ३१३१ काढून बघा. तो २००७ सालचा आहे आणि २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथन ३ पासून लागू आहे. याहून गंमत अंकांची. कोडात थेट लिहायचे आकडे इंग्रजी अंकांतच लागतात, पण अवतरणचिन्हांत ‘४०२०’ असा मराठी आकडा लिहून तो ‘इंट’ या फंक्शनच्या कंसात दिला, तर पायथन तो वाचतो आणि बेरीज-वजाबाकीला घेतो. हे अधिकृत माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मराठी अंकांतल्या सरकारी तक्त्यांवर काम करायचं असेल तर ही केवढी सोय आहे!

मराठी खरोखर अडते ती दुसरीकडे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मॅटप्लॉटलिबच्या आलेखाला मराठी शीर्षक दिलं की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. कारण त्याच्या मूळ फाँटात, डेजावू सॅन्समध्ये, देवनागरी नाही. देवनागरी फाँट लावला की चौकोन जातात, पण बहुतेकांकडे असलेल्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि ‘किंमत’मधली वेलांटी क सोडून भलतीकडे जाऊन बसते. पोरं इथंच म्हणतात, “बघा, मराठी चालतच नाही.” चालतं. प्लॉटली हा संग्रह वापरा. तो आलेख ब्राउझरमध्ये रंगवतो, आणि जो ब्राउझर मराठी बातम्या नीट दाखवतो तो आलेखाचं शीर्षकही नीटच दाखवतो.

चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, हे मान्य. पण लालभडक पंचवीस ओळी वरून खाली वाचायच्या नसतात. सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचायची. ‘भाव’ऐवजी ‘भव’ टाइप झालं असेल तर तिथं ‘नेमएरर’ असं येतं आणि पुढे तुमचंच ‘भव’ देवनागरीत लिहिलेलं असतं. एवढं कळायला शब्दकोश लागत नाही.

आता काहीतरी खरं करून बघू. मध्यम धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव घ्या, क्विंटलला रुपयांत. २०१४-१५ ते २०२५-२६ या बारा हंगामांत तो असा होता: ३७५०, ३८००, ३८६०, ४०२०, ५१५०, ५२५५, ५५१५, ५७२६, ६०८०, ६६२०, ७१२१, ७७१०. याद्या भरल्या, कोड चालवला. बारा स्तंभ यायला हवे होते, आला एकच, १९९९ या आकड्यावर. हे का होतं? कारण २०१४-१५ अवतरणचिन्हांत लिहिलं नाही तर पायथनला ती वजाबाकी वाटते. दोन हजार चौदा वजा पंधरा, १९९९. दोन हजार पंधरा वजा सोळा, पुन्हा १९९९. बाराच्या बारा हंगामांचं उत्तर तेच, म्हणून बारा स्तंभ एकावर एक चढून बसले. इंग्रजीत पीएचडी केलेला माणूसही इथं तस्साच फसतो.

उलटी चूक यापेक्षा वाईट. भावांचे आकडे अवतरणचिन्हांत गेले, किंवा दुसरीकडून आणलेल्या फाइलीत ते मजकूर म्हणून साठवलेले होते, तर मॅटप्लॉटलिब त्यांना किंमत म्हणून न बघता नावं म्हणून बघतो आणि एकेक पायरी वर मांडत जातो. रेषालेख काढला तर पट्टीनं आखल्यासारखी सरळ चढती रेघ येते. २०१५-१६ ची ५० रुपयांची वाढ आणि २०१८-१९ ची ११३० रुपयांची उडी, दोन्ही सारख्याच उंचीच्या! तक्रारीचा संदेश येत नाही, लाल ओळी येत नाहीत. चित्र दिसायला छान असतं आणि साफ खोटं असतं.

त्यामुळे ‘कॉम्प्युटरनं काढलंय म्हणजे बरोबरच’ या समजाला वेगळं उत्तर द्यायची गरज उरत नाही. एकच जोड. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी ७००० पासून सुरू केला, तर ७१२१ चा स्तंभ १२१ एवढा आणि ७७१० चा ७१० एवढा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, भाव जवळपास सहापट झाला. वाढ आहे सव्वाआठ टक्के. मॅटप्लॉटलिब स्तंभ आपणहून शून्यापासूनच काढतो. अक्ष कापणारा माणूस असतो.

उरलेले समज भराभर. गणित पक्कं लागतं? स्तंभालेख शाळेतच काढलाय आणि वृत्तालेख दहावीला, त्यापलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. लॅपटॉप लागतो? गुगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फुकट चालतं. बोटं दुखतात, एवढंच. मात्र कोड व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, दोन ताऱ्यांमधला मजकूर तिथं ठळक होतो आणि तारे दिसेनासे होतात. एमएस-सीआयटीत एक्सेल शिकलोय, मग हे कशाला? एकच आलेख एकदाच काढायचा असेल तर खरंच एक्सेल वापरा, उगाच मिरवू नका. पण जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांचा तोच आलेख दर आठवड्याला हवा असेल, तर ‘फॉर’ हा तिसरा राखीव शब्द शिका. एआय सांगेल ते करून देतं? देतं, पण ती सरळ रेघ बघून शंका तुम्हालाच यावी लागते.

आणि ‘आपल्या गावची आकडेवारी कुठं मिळते?’ मिळते. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर दिलेले असतात. ते उतरवताना दोन गोष्टी सांभाळा. बाजार बंद होता त्या दिवसापुढे शून्य लिहू नका, जागा रिकामी ठेवा. नाहीतर रेघ दर आठवड्याला जमिनीवर आपटेल. दुसरं म्हणजे राज्यभराची यादी फक्त ‘कळंब’ या नावानं गाळली तर धाराशिव जिल्ह्यातलं कळंबही सोबत येतं. बाजार समिती तिकडेही आहे आणि सोयाबीन दोन्हीकडे विकलं जातं, त्यामुळे दोघांचे दर मिसळले तरी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. गाळताना जिल्हाही बघा.