ब्यूफर्टचे एक जुने घर

श्रोतेहो, आपल्या गावातही एखादा जुना वाडा असेल. वाडा कुणाचा, असे विचारले की लोक कागदावरचे नाव सांगतात. पण त्या वाड्यात पाणी कुणी भरले, चूल कुणी पेटवली, अंगण कुणी झाडले, त्यांची नावे कागदावर नसतात. आज अशा एका घराची हकीकत सांगायची आहे, की जिथे अंगण झाडणाऱ्या बाईचा मुलगाच पुढे घरमालक झाला.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात समुद्रकाठी ब्यूफर्ट हे बंदर आहे. आसपासच्या बेटांवर उत्तम प्रतीचा कापूस पिके. मळे गोऱ्यांचे, राबणारे काळे गुलाम. गावात प्रिन्स रस्त्यावर मॅकी घराण्याचे दुमजली लाकडी घर होते. लिडिया नावाची गुलाम बाई तिथे घरकाम करी. घरामागच्या खोलीत ५ एप्रिल १८३९ रोजी तिला मुलगा झाला. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. आई गुलाम म्हणून लेकरूही गुलाम, असा तेव्हाचा कायदा. गुलामाला वाचायला शिकवणे हा तर त्या राज्यात १८३४ पासून गुन्हाच होता!

बारा वर्षांचा झाल्यावर मालकाने रॉबर्टला चार्ल्सटन बंदरात कामाला लावले. मजुरी मालकाची, आठवड्याला एक डॉलर तेवढा मुलाचा. तिथे तो होड्या हाकायला शिकला, खाडीची वळणे त्याला पाठ झाली. १८६१ साली उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या आगबोटीवर तो सुकाणू धरी.

१३ मे १८६२ ची पहाट. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले. रॉबर्टने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, वाटेत बायकामुलांना घेतले आणि बोट हाकारली. समटर किल्ल्यापुढे आल्यावर ठरलेली शिट्टी बरोबर वाजवली. पहारेकऱ्यांना वाटले, आपलीच बोट! तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर वर चढली आणि बोट उत्तरेच्या आरमाराला मिळाली. सोळा माणसे एका पहाटेत मोकळी झाली. सरकारने रॉबर्टला १,५०० डॉलर बक्षीस दिले.

आता घराकडे वळू. नोव्हेंबर १८६१ मध्येच उत्तरेच्या आरमाराने ब्यूफर्टजवळचा किनारा घेतला होता आणि गोरे मालक घरेदारे टाकून पळाले होते. सारा थकला की जमिनीचा लिलाव होतो, हे शेतकऱ्याला काय सांगायला हवे? तिथेही तेच झाले. थकलेल्या युद्धकरापायी सरकारने ती घरे लिलावात काढली. युद्ध चालू असतानाच प्रिन्स रस्त्यावरचे ते घर रॉबर्ट स्मॉल्सने विकत घेतले. ज्या घरात आई गुलाम म्हणून राबली, तिथेच ती आता मालकाची आई म्हणून राहू लागली.

पण खरेदीने प्रश्न मिटला नाही, बरं का. घरावर हक्क सांगणाऱ्या द ट्रेव्हिल यांनी लिलाव बेकायदा असल्याचा दावा लावला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७८ च्या सत्रात स्मॉल्सची मालकी कायम झाली. हा निकाल त्या एका घरापुरता नव्हता. अशा लिलावात ज्यांनी ज्यांनी जागा घेतल्या, त्या साऱ्यांना त्याचा आधार मिळाला.

स्मॉल्स मोठेपणी अक्षरे शिकला. १८६८ साली राज्यघटना समितीत बसून त्याने सर्व मुलांसाठी मोफत शाळांचा आग्रह धरला. पुढे तो वॉशिंग्टनच्या लोकसभेत निवडून गेला. मॅकीची वृद्ध, भ्रमिष्ट झालेली बायको एकदा घर आपलेच समजून दारी आली, आणि त्याने तिला आसरा दिला, असेही सांगतात.

शेवट मात्र सगळा गोड नाही. १८९५ साली नव्या घटनेने वाचता येण्याची अट घालून काळ्यांचे मत काढून घेतले. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनाच निरक्षर म्हणून दूर सारले! स्मॉल्सने भर सभेत विरोध केला. पण उपयोग झाला नाही. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी तो त्याच घरात वारला. १९७४ साली ते घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हे शिक्षकांना ठाऊकच आहे. तो धडा शिकवताना मुलांना या घराची गोष्टही जरूर सांगावी. घर कागदाने मिळते. मिळालेले टिकवायला अक्षर आणि मत, दोन्ही हातांत असावी लागतात.